बारा व्होल्टचा भास

तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून २००८ पासून शेव्हरोले स्पार्क आणि २०१० पासून बीट या मोटारी बाहेर पडू लागल्या. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, निर्यातीपुरते चालू राहिलेले उत्पादनही डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. कारखान्याचा मालक बदलला, तरी तेथे तयार झालेल्या मोटारी अजून रस्त्यावर आहेत, आणि ज्या मोटारीचे उत्पादन थांबले तिचा प्रत्येक सुटा भाग वर्षागणिक अधिक मोलाचा होत जातो. त्यामुळे गॅरेजमध्ये फार लवकर उच्चारले जाणारे ‘पंप गेला’ हे दोन शब्द निदान अशा मोटारींबाबत तरी फार जपून उच्चारले पाहिजेत.

येथे पंप म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप. कार्ब्युरेटरच्या काळात बहुतेक मोटारींत तो इंजिनाच्याच गतीवर चालत असे आणि त्याला विजेची गरज नसे. इंधन दाबाने फवारणारी इंजेक्शन पद्धत आल्यावर मात्र टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला विजेचा पंप आला, जो साधारण तीन ते चार बार इतका दाब निर्माण करतो आणि ज्याला थंड ठेवण्याचे कामही भोवतालचे पेट्रोलच करते. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूज, रिले, गालिच्याखालून मागे जाणारी वायरिंग आणि टाकीवरचा कपलर असा प्रवास करून पंपात शिरतो व अर्थच्या वायरीने बॅटरीकडे परततो. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच, आणि हा लहान प्रवाह सोडायचा की नाही हे बहुतेक मोटारींत इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो.

चावी ऑन केली की ईसीयू पंप सुमारे दोन सेकंद चालवतो, आणि त्यानंतर इंजिन फिरत असल्याची खूण क्रँक सेन्सरकडून मिळाली तरच तो चालू ठेवतो; अपघातात इंजिन बंद पडले आणि नळी फुटली, तर पंपाने पेट्रोल ओतत राहू नये हा त्यामागचा हेतू आहे. काही मोटारींत याच हेतूने धक्का बसताच पंपाचा पुरवठा तोडणारा वेगळा स्विच असतो, जो बटण दाबून पूर्ववत करता येतो. तेव्हा पंपाला करंट नसणे हा दर वेळी दोष नसतो, कधी तो ईसीयूचा आदेश असतो: सेन्सरची वायर तुटलेली असते, किंवा चोरीविरोधी यंत्रणेला चावी ओळखता आलेली नसते. मागच्या आसनाजवळ कान देऊन पहिल्या दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते की नाही हे पाहिले, तर शोधाची निम्मी दिशा कोणत्याही उपकरणाविना ठरते.

गुणगुण ऐकू आली नाही, की बहुतेक ठिकाणी कपलर काढून त्यात मल्टीमीटरच्या पिना लावल्या जातात, चावी फिरवताच पडद्यावर बारा व्होल्ट दिसतात, आणि वायरिंग निर्दोष व पंप मृत असा निकाल लागतो. हा निकाल मुळातच फसवा आहे. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असल्याने त्यातून नगण्य प्रवाह वाहतो; परिणामी वाटेत गंजलेल्या जोडाचा शंभर ओहम रोध असला, तरी मीटरला तो जाणवत नाही. पंपाची गोष्ट वेगळी आहे. त्याला साधारण पाच अँपिअर लागतात, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध जेमतेम अडीच ओहम धरता येतो. तोच शंभर ओहमचा अडथळा मध्ये आला की बारा व्होल्टपैकी पंपाच्या वाट्याला सुमारे पाव व्होल्ट उरतो. अर्धा ओहम रोधही दोन व्होल्ट खातो, आणि मग पंप फिरतो खरा, पण पुरेसा दाब देत नाही.

म्हणून मोजमाप भाराखाली झाले पाहिजे. कपलर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने पिना सरकवाव्यात, किंवा काढलेल्या कपलरला इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब जोडावा; तो पावणेदोन अँपिअर खेचतो आणि दुबळी वायर मिणमिणत्या प्रकाशाने उघडी पाडतो. हा बल्ब ईसीयूच्या नाजूक वायरींना मात्र लावू नये, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडेल असे काहीही करू नये. बल्ब दोन पिनांमध्ये मंद, पण पंपाची धन वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात जोडल्यास लख्ख पेटला, तर दोष अर्थच्या बाजूला आहे. मावळातल्या पावसात अर्थच्या नटाखाली गंज चढतो आणि कपलरमध्ये हिरवट क्षार साचतात. उभ्या मोटारीतली वायर उंदीर कुरतडतात ते वेगळेच.

या तपासणीला तास-दीड तास लागू शकतो, आणि बिलात तिच्यासाठी बहुधा ओळच नसते. सुट्या भागाची किंमत आणि तो बसवण्याची मजुरी यांवरच बिल उभे राहत असल्याने तुटलेली वायर शोधणारा मेकॅनिक पंप बदलणाऱ्यापेक्षा कमी कमावतो, ही व्यवस्था अन्यायाची आहे आणि तिला तपासणीचे पैसे देताना हात आखडणारे मालकही जबाबदार आहेत. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत एखादा भाग नाकारताना त्याचे माप घेऊन नोंदवण्याची शिस्त हजारो कामगारांच्या अंगवळणी पडली आहे; तीच शिस्त याच पट्ट्यातल्या गॅरेजांकडून मागणे अवाजवी नाही. पंप बदलायचा असेल तर तो चालत असताना, निदान त्याच्या जागी भार जोडलेला असताना, कपलरवर किती व्होल्ट होते आणि अर्थच्या बाजूला किती गळत होते, हे दोन आकडे बिलावर लिहिलेले असावेत, आणि जुना पंप मालकाच्या हाती परत मिळावा.