‘इंडी’ म्हणजे नेमकं काय? गाण्याचा प्रकार लेबल वाचून नाही, कानानं ओळखा

दिवाळीत चांदूर बाजारला मामांकडे गेलो होतो. मामांनी साठी ओलांडलीय, भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. मी मोबाइलवर एका नव्या भारतीय बँडचं गाणं लावलं. अॅपवर प्रकार लिहिला होता ‘इंडी’. मामांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, “याचा टाळ ठोक्यावर नाही पडत गा, मधातच पडते. अन् पयल्या ठोक्यावर ढोल गप्पच राह्यते.”

मामांनी ‘रेगे’ हा शब्द कधी ऐकलेला नाही. पण जमैकात जन्मलेल्या या संगीताची नेमकी खूण त्यांनी सांगितली. अॅपला ती सांगता आली नाही.

‘अल्टरनेटिव्ह’ हा आवाज नाही, पत्ता आहे

‘अल्टरनेटिव्ह’ हे नाव 1980च्या दशकात अमेरिकेत रूढ झालं. छोट्या कंपन्यांनी काढलेली आणि कॉलेजच्या रेडिओवर वाजणारी गाणी, असा त्याचा साधा अर्थ होता. 1991मध्ये ग्रॅमीनं या गटासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. त्याच वर्षी निर्वाणा बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि बाहेरची समजली जाणारी गाणी थेट मुख्य बाजारात पोहोचली. नाव मात्र तेच राहिलं. ‘इंडी’चंही तसंच. ‘इंडिपेंडंट’चं ते लघुरूप. म्हणजे गाणं कोणी काढलं हे लेबल सांगतं. ते कसं वाजतं, हे सांगत नाही.

चार प्रश्न, अर्धा मिनिट

1. मोठा ढोल कुठे पडतो? चार ठोके मोजा. चारही ठोक्यांवर सारखा ‘धम’ पडत असेल आणि वेग मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोके असेल, तर ते हाउस किंवा टेक्नो. हाउस शिकागोचं, त्यात बहुधा गळा आणि गोडवा असतो. टेक्नो डेट्रॉइटचं, त्यात यंत्राची लय जास्त, गाणं कमी. पहिला ठोका रिकामा, तिसऱ्यावर ढोल आणि गिटार ठोक्यांच्या मध्ये ‘चक्’ करत असेल, तर रेगे.

2. गिटार फाटतेय का? लग्नात कर्ण्याचा आवाज वाढवला की तो फाटतो. अॅम्प्लिफायरला झेपत नाही तेव्हा आवाजाच्या लहरींची टोकं कापली जातात आणि मूळ सुरात नसलेले नवे सूर त्यात मिसळतात. रॉकवाल्यांनी हाच दोष मुद्दाम वापरला. फाटलेला आवाज जड आणि खालच्या सुरात असेल, तर मेटल. ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीच्या बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली. पुढे त्यानं गिटारच्या तारा सैल केल्या. सुर खाली गेला आणि तोच मेटलची ओळख झाला. तीच गिटार भरधाव, मोजक्या सुरांची आणि गाणं दोन-अडीच मिनिटांत संपणारं असेल, तर पंक. रामोन्स बँडच्या 1976च्या पहिल्या अल्बममध्ये 14 गाणी साधारण अर्ध्या तासात आटोपतात.

3. गळा गातोय की बोलतोय? लयीत बोलत असेल, तर रॅप. त्याच्या मागे जुन्या गाण्यातला ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर ती हिप-हॉपची जुनी, न्यूयॉर्कची रीत. छातीत घुमणारा लांब बास आणि वर मशीनगनसारखी तडतडणारी झांज असेल, तर ट्रॅप. तो बास 1980मध्ये आलेल्या रोलँड 808 या ड्रम मशीनची देणगी आहे.

4. गाणं चढतं कसं? कडवं हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं आणि ध्रुवपदाला एकदम स्फोट, असं असेल तर सिएटलच्या ग्रंजचा संशय घ्यायला हरकत नाही.

हा कान आपल्याकडे आहेच

हे सगळं अवघड वाटत असेल, तर जरा आठवा. टाळ-मृदंगावरचं वारकरी भजन आणि तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं खंजिरीचं भजन यांत वऱ्हाडातल्या माणसाची गल्लत होत नाही. आवाज लांबून येत असला, शब्द कळत नसले, तरी नाही. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या वाजवून प्रबोधन करतात. ती सप्तखंजेरी एकदा ऐकलेला माणूस पुन्हा सहज ओळखतो. मेळघाटातल्या कोरकूंचा ढोल आणि लग्नातला बँड यांतला फरकही कोणी शिकवावा लागत नाही. वाद्य कोणतं, ठोका कुठे, गळा कसा, हे आपण मोजतच असतो. तोच कान रेगे आणि टेक्नोकडे वळवायचा आहे, एवढंच.

मग लेबलनं बिघडतं काय?

गाणं शोधायला लेबल लागतं, हे मान्य. सीमा पुसट असतात, हेही खरं. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ बँड अभंग रॉकच्या वाद्यांवर वाजवतो. ‘स्वदेसी’च्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये रॅपसोबत आरेतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर आहेत. अशा गाण्यांना एकच खाना पुरत नाही.

पण नुकसान त्याच एका खान्यानं होतं. मामांनी शेवटी विचारलं, “आपलं खंजिरीचं भजन हे कोन्त्या खान्यात टाकते गा?” मी दाखवलं: ‘भक्ती’. त्याच यादीत वर डीजेवर चढवलेल्या आरत्या होत्या, खाली सिनेमातली देवाची गाणी. मंडळाचं भजन बरंच स्क्रोल केल्यावर सापडलं. जी गाणी आधीच जास्त ऐकली जातात, ती यादीत वर येतात. खंजिरीला स्वतःचं नावच नसेल, तर ती नावानं शोधणार कोण? उद्या चांदूर बाजारचंच पोरगं ‘भक्ती’ उघडेल, डीजेची आरती ऐकेल आणि भजन म्हणजे हेच, असं धरून चालेल.

म्हणून दोन गोष्टी करा. पुढचं अनोळखी गाणं लावाल तेव्हा अर्धा मिनिट स्क्रीन पालथी ठेवा, चार प्रश्न विचारा आणि मगच लेबल बघा. आणि गावातल्या मंडळाचं रेकॉर्डिंग टाकाल तेव्हा नावात नुसतं ‘भजन’ लिहू नका. ‘खंजिरी भजन’ लिहा, पुढे गावाचं आणि तालुक्याचं नाव घाला. अॅपला ऐकून कळत नसेल, तर निदान वाचून तरी कळू द्या.