बाटली दारात, तहान आत

गहुंजेच्या स्टेडियमवर २४ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस होता. वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत सात गडी बाद केले आणि पाहुण्यांचा डाव २५९ वर आटोपला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मात्र सुंदरच्या शेजारी आणखी एक बातमी होती. उपाहाराच्या सुट्टीत प्रेक्षकांसाठीचे पिण्याचे पाणी संपले होते. सुमारे अठरा हजार लोक, ऑक्टोबर हीटचे ऊन, बराचसा भाग बिनछपराचा, आणि बाहेरून पाण्याची बाटली आणायला बंदी. पाण्याच्या ठिकाणी गर्दी झाली आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या नावाने घोषणा सुरू झाल्या. सचिव कमलेश पिसाळ यांनी प्रेक्षकांची माफी मागितली.

तो दिवस गुरुवार होता. भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात गुरुवार म्हणजे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. पुण्यातल्या नोकरदाराला कसोटीचा पहिला दिवस रजा टाकून बघावा लागतो. इथल्या कामगाराला तो सुट्टीच्या दिवशी, घरापासून काही किलोमीटरवर मिळाला होता. स्टेडियम एक्स्प्रेस वेच्या कडेला. गाडी लांब लावायची, उन्हातून चालत दारापर्यंत यायचे, आणि तिथे हातातली बाटली काढून घेतली जायची.

असोसिएशनची दानत नव्हती, असे म्हणता येणार नाही. त्या सामन्यासाठी थंड पाणी मोफत देण्याचे ठरले होते. गर्दी मोठी होती, काही ठिकाणचे पाणी संपले, पुन्हा भरायला पंधरा-वीस मिनिटे लागली, असे स्पष्टीकरण पिसाळ यांनी दिले. ते मान्य केले तरी हिशोब जुळत नाही. उपाहाराची सुट्टी चाळीस मिनिटांची. एका नळावर एका माणसाला दहा सेकंद धरले, तर मिनिटाला सहा आणि सुट्टीभरात २४० माणसे पाणी पितील. अठरा हजारांसाठी पंच्याहत्तर नळ सतत चालू हवेत. हे आकडे कागदावरचे आहेत, सगळेच काही एकदम उठत नाहीत. पण असेंब्ली लाइनवर काम करणाऱ्या कुणालाही हे गणित सांगावे लागत नाही. पाणी किती आणले यापेक्षा ते एकाच वेळी किती हातांत पोहोचते, हा खरा प्रश्न होता.

बाटलीबंदीचा नियम उगाच आलेला नाही. मराठी घरांत १३ मार्च १९९६ ची संध्याकाळ अजून सांगितली जाते. विश्वचषकाचा उपांत्य सामना, ईडन गार्डन्स, भारताचे आठ गडी १२० वर बाद. प्रेक्षकांतून बाटल्या आणि हाताला येईल ते मैदानात येऊ लागले. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. २०१५ मध्ये कटकला भारत ९२ धावांत गारद झाला तेव्हा पुन्हा बाटल्याच उडाल्या.

फुटबॉलच्या जगात हा नियम त्याहून जुना आहे. ग्लासगोमध्ये मे १९८० च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे समर्थक मैदानातच भिडले, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडने मैदानात दारू व बाटल्या-डबे नेण्याला कायद्याने आळा घातला. इंग्लंडमध्ये १९८५ चा कायदा आला. तिथे आता पाण्याच्या बाटलीचे टोपण दारातच काढून घेण्याची पद्धत बऱ्याच मैदानांवर आहे. टोपण लावलेली भरलेली बाटली दगडासारखी लांब जाते, उघडी बाटली वाटेतच सांडते, असा त्यामागचा विचार. प्रेक्षकही कमी नाहीत. जास्तीचे टोपण खिशात टाकून येणारे तिथे पुष्कळ आहेत.

म्हणजे बाटली फेकली जाते, हे खरे. पण दारात काढून घेतली की फेकाफेक थांबते का? गेल्या डिसेंबरात कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमने याचे उत्तर दिले. १३ डिसेंबर २०२५ ला लिओनेल मेस्सी तिथे आला, पुढाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या गराड्यात काही मिनिटे फिरला आणि निघून गेला. हजारो रुपयांची तिकिटे काढलेल्यांना तो दिसलाच नाही. मग बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या. बाहेरून बाटली आणायला बंदी असताना या बाटल्या आल्या कुठून, हा प्रश्न नंतर विचारला गेला. आत पाणी चढ्या भावाने विकले जात असल्याच्या तक्रारी प्रेक्षकांनीच केल्या होत्या. वीस रुपयांची बाटली धोकादायक, आणि तीच आत दामदुपटीने घेतली की निर्धोक, हे कोडे फुटबॉलच्या चाहत्याला सुटत नाही. ते कुणालाच सुटू नये.

गहुंजेत याच्या नेमके उलटे घडले. पाणी संपल्यावर असोसिएशनने प्रेक्षकांना बाटलीबंद पाणी मोफत वाटले. ज्या वस्तूला दारात मज्जाव, तीच वस्तू आता शेकडोंच्या हातात होती, आणि माणसे आधीच चिडलेली होती. दुसऱ्या दिवशी भारत १५६ धावांत कोसळला. तिसऱ्या दिवशी सामना ११३ धावांनी गेला आणि बारा वर्षांनंतर मायदेशातली मालिकाही गेली. बाटल्या भिरकावल्या गेल्या आणि खेळ थांबला, अशी बातमी या तीन दिवसांत आली नाही. राग होता, पण पाणी हातात असताना तो बाटलीतून बाहेर पडला नाही.

चाहत्यांची तक्रार नीट ऐकली तर ती सहसा बंदीविरुद्ध नसते. तपासणीला लोक सरावले आहेत. मॉलमध्ये, मेट्रोत, कंपनीच्या गेटवर ती रोजच होते. राग येतो तो नियम अर्धाच पाळला जातो तेव्हा. पाणी काढून घ्यायला दारात माणूस उभा असतो. पाणी द्यायला आत कुणी असेलच, याची खात्री नसते.

या अर्ध्या नियमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांच्या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. ३ जानेवारी २०२३ च्या निकालात न्यायालयाने बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा चित्रपटगृह मालकांचा हक्क मान्य केला. कुणी जिलेबी घेऊन आत आला आणि चिकट बोटे खुर्चीला पुसली तर काय, असा मिश्किल सवालही त्या वेळी सरन्यायाधीशांनी केला. पण त्याच निकालात पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत दिले पाहिजे, हेही बजावले. हा निकाल स्टेडियमबद्दल नाही. तरी त्यातला न्याय तिथेही लागू पडायला हरकत नसावी: दारात अडवण्याचा हक्क ज्याने घेतला, आतल्या तहानेची जबाबदारी त्याच्याकडे गेली.

चाकणच्या कामगाराला हे नवे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याचे पाणी देणे मालकावर बंधनकारक केले. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात ते थंड हवे, आणि त्या जागी कामगारांना समजेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले हवे, इतक्या बारकाव्याने तो कायदा लिहिला होता. आता नव्या कामगार संहिता आल्या. त्यांतही पिण्याच्या पाण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. म्हणजे जो माणूस बुधवारी शॉप फ्लोअरवर थंड पाण्याचा हक्कदार असतो, तोच गुरुवारी तिकीट काढून प्रेक्षक झाला की त्याचा हक्क स्टॉलवाल्याच्या साठ्यावर अवलंबून राहतो. गहुंजेच्या पाण्याचा वाद न्यायालयात गेलाही होता, पण तो मैदानाच्या पाण्याचा. २०१८ मध्ये पवनेचे पाणी या स्टेडियमसाठी उचलण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. हिरवळीच्या तहानेला निदान दोन्ही बाजूंनी वकील मिळाले.

रमजानच्या दिवसांत हा विषय काढण्याचे कारण मदिनेतल्या एका विहिरीत आहे. मक्केहून आलेल्या मुसलमानांना मदिनेत गोड्या पाण्याची टंचाई जाणवत होती. रूमा नावाची विहीर गोड्या पाण्याची, पण मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान यांनी त्या विहिरीतला निम्मा वाटा खरेदी केला, असे परंपरेत सांगितले जाते. एक दिवस मालकाचा, एक दिवस उस्मान यांचा. उस्मान यांच्या दिवशी पाणी सर्वांना फुकट. लोक दोन दिवसांचे भरून नेऊ लागले. मालकाच्या दिवशी गिऱ्हाईकच उरले नाही, आणि शेवटी त्याने उरलेला वाटाही विकून टाकला. उस्मान हे कसलेले व्यापारी होते, ते या गोष्टीत दिसतेच. मोहल्ल्यामोहल्ल्यात उन्हाळ्यात दिसणारी सबील आणि मराठी गावातली पाणपोई यांच्यामागची भावना हीच आहे. पाणी पाजताना समोरच्याला नाव-गाव विचारायचे नाही.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. या दिवसांत पुणे परिसरात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, आणि संध्याकाळचे क्रिकेट सामने सात किंवा साडेसातला सुरू होतात. म्हणजे रोजा सोडण्याची वेळ नेमकी तपासणीच्या रांगेत येते. तेरा-साडेतेरा तास पाण्याचा घोट न घेतलेला एखादा तरुण खिशात दोन खजूर आणि हातात बाटली घेऊन उभा असतो. अजानला चार मिनिटे असताना बाटली काढून घेतली जाते. काढून घेणारा शिपाईही बहुधा दुपारपासून उभाच असतो. यात कुणाचा द्वेष नसतो. नियम लिहिताना ही चार मिनिटे कुणाच्या डोळ्यांसमोर आलेली नसतात, इतकेच. आणि अडचण रोजेदाराचीच आहे असेही नाही. मधुमेहाची गोळी घेणारे आजोबा आणि लहान मुलाला घेऊन आलेली आई त्याच रांगेत असतात.

तहानेवर चर्चा मात्र भलत्याच दिशेला जाते. गेल्या रमजानात, ४ मार्च २०२५ ला, दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मोहम्मद शमी काहीतरी पिताना कॅमेऱ्यात दिसला. बरेलीतल्या एका मौलानांनी त्याला दोषी ठरवले. प्रवासात असलेल्याला रोज्याची सवलत आहे, असे इतरांनी दाखवून दिले. वाहिन्यांवर त्या एका घोटाची चर्चा दिवसचे दिवस चालली. गहुंजेतल्या अठरा हजारांच्या कोरड्या घशांना तेवढा वेळ मिळाला नव्हता.

फुटबॉलने या बाबतीत थोडे शहाणपण दाखवले आहे. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात अर्ध्या तासाच्या सुमारास गोल किक मुद्दाम जरा उशिरा घेतली गेली, आणि वेस्ली फोफाना याने तेवढ्यात रोजा सोडला. प्रेक्षकांचा प्रश्न मात्र तिथेही उशिरा सुटला. जून २०२५ मध्ये क्लब विश्वचषकाच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या रोझ बाउलमध्ये ऐंशी हजार लोक भर दुपारच्या उन्हात बसले होते. पाणी आत नेता येत नाही आणि आत रांगा संपत नाहीत, अशा तक्रारी झाल्या. त्यावर, एक लिटरपर्यंतची रिकामी, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली आणायला मुभा आहे, असे फिफाने सांगितले. रिकामी बाटली तपासायला सोपी असते आणि दगडासारखी फेकताही येत नाही. फक्त आत भरपूर नळ हवेत.

भरपूर म्हणजे किती आणि कसे, हे विचारायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा रस्त्यावर जितकी माणसे असतात त्यांपुढे गहुंजेची गर्दी काहीच नाही. तरी वारकऱ्याला दर काही पावलांवर कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करते. मशिदीतल्या इफ्तारचे गणित तर स्टेडियमच्या उपाहारापेक्षा अवघड आहे. तिथे चाळीस मिनिटे नसतात. शेकडो माणसांना एकाच मिनिटाला पाणी लागते, आणि रांग लागत नाही. कारण अजानच्या आधी अर्धा तास मोहल्ल्यातली पोरे दस्तरखान अंथरतात आणि प्रत्येक जागेपुढे भरलेला पेला ठेवतात. माणूस पाण्याकडे जात नाही, पाणी आधीच माणसापाशी येऊन थांबलेले असते. उपाहाराच्या आधीच्या षटकात जिन्यांच्या तोंडाशी भरलेले पेले मांडायला आणि पाठीवर कॅन घेतलेली पोरे प्रेक्षकांत फिरवायला फार मोठा खर्च येणार नाही.

आणि दारातले ते पिंप. तपासणीच्या टेबलाशेजारी काढून घेतलेल्या बाटल्या टाकायला ते ठेवलेलेच असते, संध्याकाळपर्यंत अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या बाटल्यांनी काठोकाठ भरते. रांगेतल्या माणसाला तिथेच पोटभर पाणी पिऊन आत जाता येईल, असा एक नळ त्या पिंपाशेजारी सहज मावतो.