गळ्यातला पट्टा आणि मोबाईलवरचा ठिपका

बैलाच्या गळ्यात घंटा, ओढाळ गाईच्या गळ्यात लोढणं आणि राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, ही आपली जुनी सोय. त्यात आता नवा दागिना आला आहे तो जीपीएसच्या पट्ट्याचा. शहरात लोक घरच्या कुत्र्या-मांजरांना तो बांधतात, आणि आता तो कुत्रा, शेळी, गाय यांच्यासाठी आपल्याकडेही विकला जातो. विकणारा सांगतो, "जनावर कुठंही जाऊ द्या, उपग्रहावरून मोबाईलवर दिसेल." चोऱ्या आणि बिबट्या यांनी झोप उडालेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटणारच. पण पैसे मोजण्याआधी हा पट्टा कशावर चालतो आणि कुठे फसतो, ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे उपग्रह तुमच्या जनावराकडे बघत नाही. जीपीएसचे चोवीसहून अधिक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि आपली जागा सांगत फिरतात. पट्ट्यातलं यंत्र ते ऐकतं आणि निदान चार उपग्रहांचा हिशेब जुळला की आपण कुठं आहोत ते काढतं. इथं उपग्रहाचं काम संपलं. ही जागा तुमच्या मोबाईलपर्यंत पोचवायची तर पट्ट्यातलं सिमकार्ड आणि जवळचा टॉवर लागतो. म्हणजे ही बाज चार पायांवर उभी आहे: आकाश, टॉवर, बॅटरी आणि खुद्द पट्टा. एक पाय मोडला की बाज कलंडलीच. समजा, प्रत्येक पाय शंभरातल्या नव्वद वेळा नीट चालतो. मग चारही पाय एकाच वेळी नीट असण्याचा हिशेब शंभरातून पासष्ट-सहासष्टवर येतो. विकणारा एका पायाची हमी देतो, तुमचं काम चारही पायांशी असतं.

आकाश

१ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक ठेवत होती, त्यामुळे शंभर मीटरपर्यंतचा फरक पडायचा. ती अट उठली. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या यंत्राचा अंदाज पाच मीटरच्या आसपास बरोबर येतो. माळरानावर एवढं पुष्कळ झालं. पण पत्र्याचा गोठा, घाटातली खिंड, खोल ओढा किंवा गच्च झाडी आली की यंत्राला उपग्रह कमी ऐकू येतात, आणि जे येतात ते कड्यावर किंवा भिंतीवर आपटून येतात. मग दावणीला बांधलेली गाय मोबाईलवर शेजाऱ्याच्या अंगणात फिरताना दिसते.

पोलीस पाटील आणि तंटामुक्तीच्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावं. "तुझी शेळी माझ्या कांद्यात होती, हा बघ ठिपका," असा वाद उद्या तुमच्यासमोर येईल. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे सोळा फुटांच्या चुकीत ठरत नाही. अशा वेळी ठिपक्यावर निवाडा करू नका. खुरांचे माग, खाल्लेलं पीक आणि पाहणारा माणूस, हाच पुरावा धरा.

टॉवर

पट्टा घेताना तो कोणत्या जाळ्यावर चालतो हे विचारा. स्वस्त पट्ट्यांत पुष्कळदा टूजीचं यंत्र असतं. जिओकडे टूजी जाळंच नाही, म्हणून असल्या पट्ट्यात ते कार्ड घातलं तर पट्टा मुका. दुसरं म्हणजे रेंज. गावठाणात मोबाईल वाजतो म्हणून डोंगराच्या पोटात वाजेलच असं नाही, आणि जनावर हरवतं ते नेमकं तिथं. चांगला पट्टा रेंज नसताना जागा साठवून ठेवतो आणि रेंजमध्ये आल्यावर एकदम पाठवतो. साधा पट्टा मात्र शेवटची जागाच दाखवत राहतो, आणि तुम्हाला वाटतं जनावर तिथंच उभं आहे. म्हणून ठिपक्याबरोबर वेळ बघायची सवय लावा. तीन तासांपूर्वीचा ठिपका म्हणजे तीन तासांपूर्वीची बातमी. कार्डाचा रिचार्ज संपला तरी हीच गत.

इथं आणखी एक फसवणूक सांगायला हवी. बटणाएवढे ब्लूटूथचे टॅग काही ठिकाणी 'जीपीएस' म्हणून खपवतात. ॲपलचा एअरटॅग २०२१ साली आला, तो याच जातीचा. त्यात जीपीएस नसतं. आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या फोनच्या आधाराने तो आपली जागा कळवतो. पुण्याच्या पेठेत ते चालेल. चराऊ रानात कोणाचे फोन जाणार आहेत?

बॅटरी

ट्रॅक्टरला किंवा मुरमाच्या डंपरला जीपीएस लावलं की ते गाडीच्या बॅटरीवर चालतं. शेळीच्या गळ्यात डंपरची बॅटरी बांधता येत नाही. समजा, एका चार्जिंगमध्ये पट्टा ७२० वेळा जागा कळवू शकतो. दर दहा मिनिटांनी कळवायला लावलं तर दिवसाला १४४, म्हणजे पाच दिवसांत खेळ खलास. तासाला एकदा लावलं तर तोच पट्टा महिनाभर पुरेल, पण चोराच्या टेम्पोला एक तास म्हणजे तालुका ओलांडायला पुरेसा वेळ. "महिनाभर चालते" आणि "क्षणाक्षणाला दिसते" या दोन्ही गोष्टी खोक्यावर छापलेल्या असल्या तरी लहान पट्ट्यात एकत्र मिळत नाहीत. त्यातून रेंज कमी असेल तर टॉवर शोधण्यातच बॅटरी लवकर उतरते.

पट्टा आणि कातडी

२०२३ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्त्यांच्या गळ्यात पट्ट्याखाली जखमा होऊन त्यात किडे पडल्याचं आढळलं. तपासणी आणि उपचारासाठी चित्त्यांना पकडून पट्टे काढावे लागले. त्याच सुमाराला निर्वा नावाच्या मादीचा पट्टा जुलैत बंद पडला. मग शंभरावर माणसं, ड्रोन आणि हत्ती लावून शोध घ्यावा लागला, तेव्हा ती १३ ऑगस्टला हाती लागली. सरकारचा पैसा, तज्ज्ञ माणसं आणि भारी पट्टे असताना ही स्थिती. आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पावसाळ्यात ओला पट्टा चार दिवस राहिला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. पावसात रोज पट्टा सोडून मान कोरडी करा आणि कातडी बघा.

म्हणून हे यंत्रच बोगस, असंही समजू नका. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला, हे गळ्यातल्या पट्ट्यामुळेच कळलं. आपल्या पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या, पुढे 'आजोबा' म्हणून ओळखला गेलेला, २००९ मध्ये पट्टा लावून माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या जंगलाकडे गेला, तेही पट्ट्यानेच सांगितलं. मात्र २०११ च्या डिसेंबरात तो रस्त्यावर वाहनाखाली सापडून मेला, तेव्हा त्याची ओळख पटली ती कातडीखाली बसवलेल्या चिपमुळे. जनावर कुठं आहे हे पट्टा सांगतो. ते कोणाचं आहे हे सांगायला अंगावरची खूणच लागते.

आपल्या गाई-म्हशींच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला ही तशी खूण. पट्टा कापून गटारात फेकायला चोराला एक विळा पुरतो, आणि मग मोबाईलवर तुमची गाय रात्रभर त्या गटारातच दिसते. बिल्लाही कापता येतो, पण त्याचा आकडा सरकारी नोंदीत राहतो. तेव्हा पट्टा असो वा नसो, बिल्ल्याचा आकडा वहीत लिहा, जनावराचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पोलिसांत तक्रार देताना ठिपक्यापेक्षा हे कामाला येतं.

घ्यायचाच असेल तर

आधी एकच घ्या, परत करण्याच्या बोलीवर, आणि पंधरा दिवस कसाला लावा. त्याच कंपनीचं कार्ड मोबाईलमध्ये घालून चराऊ रान पालथं घाला, रेंज कुठं तुटते ते कागदावर उतरवा. रात्री पट्टा गोठ्यात खुंटीला टांगा आणि ठिपका किती उड्या मारतो ते पाहा. बॅटरी प्रत्यक्ष किती दिवस टिकते ते मोजा. खोक्यावर 'आयपी ६७' असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा तो दावा आहे, बादलीत बुडवून खात्री करा. शेवटी पोराच्या हातात पट्टा देऊन त्याला रानात लपायला सांगा आणि फक्त मोबाईल बघून शोधून काढा. पोरगं सापडलं तर पट्टा ठेवा. नाही सापडलं तर बिल दाखवून पैसे परत घ्या.

मेंढपाळांनी सगळ्या कळपाला पट्टे बांधण्याच्या भानगडीत पडू नये. म्होरक्या जनावराला एक आणि कुत्र्याला एक, एवढ्यावर कळपाची दिशा कळते. बिबट्याच्या भागात मात्र ध्यानात ठेवा की जीपीएसचा पट्टा कुत्र्याला वाचवत नाही, फार तर कुठं नेलं ते सांगतो. तिथं खिळ्यांचा पट्टा आणि रात्रीचा बंदिस्त निवारा यांना पर्याय नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एवढंच सांगणं की, कोणी शंभर पट्ट्यांचं दरपत्रक घेऊन आला तर आधी दोन पट्टे गावाच्या रानात महिनाभर फिरवा, मग ग्रामसभेत आकडे मांडा. रिचार्ज कोण भरणार, बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार, हे लेखी घ्या. नाहीतर वर्षभराने पट्टे कपाटात पडतील आणि जनावरं शोधायला माणसंच रानात जातील.