नांग्या भरणार कोण?

आपल्या खानदेशातील कापूस लावणारा शेतकरी सरकी टोचून झाली म्हणजे निश्चिंत होत नाही. काही बी उगवणार नाही, काही रोपे कोमेजून जातील, हे तो धरूनच चालतो. म्हणूनच जाणता शेतकरी लागवडीच्या सुमारासच पिशव्यांत माती भरून थोडी रोपे वेगळी वाढवून ठेवतो. पुढे ओळीत जेथे जागा रिकामी पडेल तेथे ती लावावयाची, यालाच नांग्या भरणे म्हणतात. ही रोपे लागवडीबरोबरच तयार करावी लागतात, हे यातील मर्म होय. रिकामी जागा दिसल्यावर महिन्याभराने बी टोचले, तर ते शेजारच्या वाढलेल्या झाडांच्या सावलीत खुरटून जाते. शेतात हे शहाणपण पाळणारा आपला समाज क्रीडांगणावर मात्र ते साफ विसरतो.

काही दिवसांपूर्वी पारोळ्यात शालेय कबड्डीचा एक सामना पाहण्याचा योग आला. मध्यंतरापर्यंत आघाडीवर असलेल्या संघाच्या उजव्या कोपरारक्षकाचा घोटा एका पकडीत मुरगळला. क्रीडाशिक्षकांनी मागे वळून पाहिले. कागदावर राखीव खेळाडूंची नावे पाच होती. मैदानावर दोघे हजर होते. त्यांपैकी एक चढाईपटू, तर दुसऱ्याने त्या हंगामात एकही सामना खेळलेला नव्हता. वेचणीचे दिवस असल्याने बाकीचे तिघे शेतात गेले होते. शेवटी त्या जखमी मुलाच्याच घोट्याला रुमाल आवळून बांधण्यात आला आणि त्याला पुन्हा कोपऱ्यात उभे करण्यात आले. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांची प्रत्येक चढाई त्याच कोपऱ्याकडे वळू लागली. थोड्याच वेळात लोण चढला आणि सामना हातचा गेला. परतताना प्रेक्षक बोल लावत होते ते मात्र चढाई करणाऱ्या मुलाला! त्याने गुण आणले नाहीत, एवढेच त्यांना दिसले होते.

कबड्डीतील बचावाला आपण साखळी म्हणतो, आणि तो शब्द अगदी यथार्थ आहे. कोपरारक्षकाने घोटा धरावयाचा आणि त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने धडक द्यावयाची. दोघांत अर्ध्या क्षणाचे अंतर पडले तरी चढाईपटू मध्यरेषा गाठतो. कोपऱ्यातील मुलगा लंगडत असेल किंवा नवखा असेल, तर त्याच्या शेजाऱ्याचे कसबही वाया जाते. येथे बेरजेचा नव्हे, तर गुणाकाराचा नियम चालतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हा नियम परिचित असेल. १९८६ साली ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आतच नष्ट झाले आणि सात अंतराळवीर प्राणांस मुकले. त्या अपघाताच्या मुळाशी सांधा बंद करणारे एक रबरी कडे होते. हाच दाखला घेऊन मायकेल क्रेमर यांनी १९९३ साली असा सिद्धान्त मांडला की, जेथे अनेकांची कामे परस्परांत गुंतलेली असतात, तेथे एका दुव्याचा कच्चेपणा इतर साऱ्यांच्या कामाचे मोल उतरवतो. हेच क्रेमर पुढे २०१९ साली अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. समजा, सात खेळाडूंपैकी प्रत्येक जण आपले काम शंभरांत ९५ वेळा चोख करतो. सातही जणांचे काम एकाच वेळी चोख होण्याचे प्रमाण तेवढ्याने शंभरांत सुमारे ७० वर येते. आता एकाच्या जागी निम्म्या वेळा चुकणारा खेळाडू उभा करा. सातांची सरासरी ९५ वरून ८९ च्या आसपास येईल आणि फारसे काही बिघडले नाही असे वाटेल. प्रत्यक्षात मात्र साखळी अभंग राहण्याचे प्रमाण ७० वरून ३७ वर कोसळलेले असेल. त्या दिवशी पारोळ्याच्या मैदानावर जे घडले, त्याचे गणित हे असे आहे.

धनाढ्य देशांचे खेळही या गणितातून सुटलेले नाहीत. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराच्या पुढे पाच धिप्पाड गड्यांची एक भिंत असते. हे गडी सहसा चेंडूला हात लावत नाहीत. प्रतिपक्षाला काही क्षण थोपवून धरावयाचे आणि सूत्रधाराला विचार करण्यास अवधी द्यावयाचा, एवढेच त्यांचे काम. कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने जुलै २०२० मध्ये आपला सूत्रधार पॅट्रिक माहोम्स याच्याशी दहा वर्षांसाठी सुमारे ४५ कोटी डॉलरचा करार वाढवला. पुढे त्याच हंगामात भिंतीच्या एका टोकाचा मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने बाहेर पडला, आणि अंतिम सामन्याच्या अगोदरच्याच लढतीत दुसऱ्या टोकाचा एरिक फिशर टाचेच्या दुखापतीने जायबंदी झाला. फेब्रुवारी २०२१ मधील अंतिम सामन्यात भिंतीतील गड्यांच्या जागांची अदलाबदल करून संघाला वेळ मारून न्यावी लागली. कोट्यवधी डॉलरचा सूत्रधार सामनाभर जीव मुठीत धरून धावत राहिला. चीफ्सचा ३१-९ असा पराभव झाला, आणि चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम क्षेत्रात त्यांना एकदाही नेता आला नाही. भिंतीच्या दोन्ही टोकांना भगदाड पडले असता मधला हिरा कितीही मौल्यवान असून काय उपयोग?

आपल्या घरचे उदाहरण पुणेरी पलटणचे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून या संघाने प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. त्या यशात इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरझा शादलू याचा वाटा मोठा होता. अकराव्या हंगामाच्या लिलावात हरियाणाने २ कोटी ७ लाख रुपये मोजून त्याला आपल्याकडे नेले. हंगाम सुरू झाल्यावर कर्णधार अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. गतविजेता संघ पहिल्या सहांतही येऊ शकला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अंतिम सामना झाला तो पुण्यातच, बालेवाडीला. आणि करंडक उचलला तो हरियाणाने! पराभवाची कारणे अनेक असतात, सारे खापर एका गुडघ्यावर फोडणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि एक दुवा लिलावात गेला आणि दुसरा दुखापतीत, एवढ्यानेच विजेत्यांची घडी किती विस्कटू शकते, हे यावरून दिसते.

मग दुखापतींपुढे संघाने हात टेकावेत काय? मुळीच नाही. २०२०-२१ चा भारतीय क्रिकेट संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा याचे उत्तर देतो. ॲडलेडला ३६ धावांत संघ गारद झाला. त्यानंतर कोहली बाळंतपणासाठी पत्नीजवळ परतला. आणि मालिका पुढे सरकू लागली तसे शमी, उमेश यादव, राहुल, जाडेजा, विहारी, अश्विन व बुमराह असे एकामागून एक खेळाडू जायबंदी होत गेले. ब्रिस्बेनच्या चौथ्या कसोटीत उतरलेल्या पाच गोलंदाजांच्या गाठीशी मिळून अवघे चार कसोटी सामने होते. पैकी नटराजन व वॉशिंग्टन सुंदर यांना तर सरावात गोलंदाजी करण्यासाठी मागे ठेवून घेतलेले. पालघरचा शार्दूल ठाकूर २०१८ साली आपल्या पहिल्याच कसोटीत दहा चेंडू टाकून जायबंदी झाला होता. त्यानंतरची त्याची ही पहिली कसोटी. ६ बाद १८६ अशा अवस्थेत ठाकूर व सुंदर यांनी १२३ धावांची भागीदारी केली, ठाकूरने सामन्यात सात बळी घेतले आणि अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली भारताने १९ जानेवारी २०२१ रोजी तीन गडी राखून विजय मिळवला. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरला नव्हता, तेथे हे घडले.

याला चमत्कार म्हणणे म्हणजे त्यामागील कष्टांवर अन्याय करणे होय. सिराज, सैनी, ठाकूर, गिल, पंत हे सारे भारत ‘अ’ संघातून परदेशी खेळपट्ट्यांवर खेळून आलेले होते. राहुल द्रविड यांनी २०१५ पासून चार वर्षे ज्या संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले, तोच हा संघ. शिवाय महामारीमुळे ऐन वेळी मायदेशातून खेळाडू बोलावणे दुरापास्त असल्याने चमू मोठा नेला होता. सारांश, रोपे अगोदरच पिशव्यांत वाढलेली होती. नांग्या पडताच ती लावता आली.

आपल्या तालुक्यांतून हे का घडत नाही? केवळ पैशाचा अभाव हे उत्तर अपुरे आहे. राखीव खेळाडूवरील खर्च डोळ्यांना दिसतो. त्याने टाळलेले नुकसान दिसत नाही. प्रवासभत्ता सात जणांपुरता, बूट सात जोड, सरावातही पहिल्या सातांचीच हजेरी. आठव्या मुलाने काय करावे? त्याला मैदान मिळत नाही आणि वेचणीला गेल्यास रोकडी मजुरी मिळते. तो शेतात जातो, यात त्याचा आळस नसून चोख हिशेब आहे. आपणच त्याच्या वेळेला मोल दिले नाही. ज्या कार्यालयात एकच लिपिक सारी बिले जाणतो आणि तो रजेवर गेला की टेबल ओस पडते, तेथेही रोग हाच असतो, हे वाचकांपैकी अनेकांनी अनुभवले असेल.

तथापि खरी हानी गुणफलकावर नाही. ती त्या कोपऱ्यातील मुलाच्या देहावर आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय सेवेत त्यांच्यासाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला प्रमाणपत्राच्या त्या कागदात नोकरी दिसते, आणि म्हणून तो वेदना लपवतो. गुडघ्यातील मुख्य अस्थिबंध तुटल्यास शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास सामान्यतः नऊ महिने वा त्याहून अधिक काळ लागतो. मोठ्या संघाचा खेळाडू त्या काळात वैद्यांच्या देखरेखीखाली असतो. आपला मुलगा मात्र दोन दिवस हळदीचा लेप लावून तिसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरतो. बदली नाही म्हणून जखमी मुलाला खेळवणे याला आपण जिद्द म्हणतो. वस्तुतः ती वडीलधाऱ्यांची बेफिकिरी असते आणि तिचे मोल मुलगा आयुष्यभर फेडतो.

उपाय अवघड नाहीत. संघ सातांचा नव्हे, बारांचा आहे असे मानून सराव घ्यावा. प्रत्येक जागेसाठी दुसरा मुलगा तयार असावा, आणि सोप्या सामन्यांत त्याला निदान काही मिनिटे मैदानात उतरवावे. प्रवासभत्ता व खाऊ बाराही जणांना सारखा मिळावा. वेचणीच्या दिवसांत सराव पहाटे ठेवावा. दुखापत झालेल्या मुलाला पुन्हा उतरवावयाचे की नाही, हा निर्णय जिंकू पाहणाऱ्या प्रशिक्षकाकडे नसावा, डॉक्टरांकडे असावा. आणि डॉक्टर नसतील तेथे मुलाला बाहेर बसवावे, हाच नियम असावा. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या शिक्षकसभेत या गोष्टी ठरवता येतील.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो. पुढच्या हंगामाचा संघ निवडताना मुख्याध्यापकांनी व क्रीडाशिक्षकांनी पहिल्या सात नावांखाली रेघ मारण्यापूर्वी आठव्या मुलाला जवळ बोलावून, उद्यापासून सरावाला ये, एवढे तरी सांगावे.