क्रेडिट जमा झाले. पण कोणत्या खात्यात?

बँकेतील नोकरीने एक गोष्ट मनावर कायमची ठसवली. रक्कम जमा होणे निराळे आणि योग्य खात्यात जमा होणे निराळे. कर्जाचा हप्ता चुकून बचत खात्यात पडला, तर पैसे बुडत नाहीत. कर्ज मात्र थकते. याचे स्मरण गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियातून आलेल्या एका दूरध्वनीने करून दिले.

माझ्या पुतण्याच्या कन्येने तेथील कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिक्षण घेतले. विद्यापीठाच्या मानाने तेथील शुल्क पुष्कळच कमी असते. पुढे राज्य विद्यापीठातून संवादशास्त्राची पदवी घ्यावी, असा तिचा मानस. "आजोबा, माझे सगळे क्रेडिट घेतले, पण पत्रकारितेचे तीन विषय मुख्य विषयात धरत नाहीत," असे सांगताना तिचा कंठ दाटून आला होता. तीन विषय म्हणजे नऊ क्रेडिट. जवळजवळ अर्ध्याहून अधिक सत्राचे श्रम आणि शुल्क.

सुज्ञ वाचकहो, यात विद्यापीठाने फसवणूक केली असे नाही. क्रेडिट 'मान्य' होणे ही एक पायरी आणि ते पदवीच्या आवश्यक विषयांस 'लागू' होणे ही दुसरी. मान्य झालेले, परंतु लागू न झालेले क्रेडिट ऐच्छिक विषयांच्या खात्यात जाऊन पडते.

ही अडचण ओळखूनच कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा करून स्थलांतरासाठीची विशेष सहयोगी पदवी आणली. कम्युनिटी कॉलेजात ठरावीक 60 क्रेडिट पूर्ण केल्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते आणि समकक्ष शाखेत उर्वरित 60 क्रेडिटमध्ये पदवी पूर्ण करता येते. संवादशास्त्रासाठीही अशी पदवी आहे. मात्र हमी व्यवस्थेतील प्रवेशाची असते, मनाजोगत्या परिसराची नव्हे. आणि शाखा बदलली की 60 चे गणितही बदलते.

कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या सार्वजनिक विद्यापीठात कशाच्या बदली धरला जातो, हे 'असिस्ट' या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. म्हणून विषय निवडण्यापूर्वी विद्यापीठ व शाखा ठरवावी, ती नोंद उतरवून घ्यावी, समुपदेशकाची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम जपून ठेवावा. आपण व्हाउचर जपतो, तसाच.

तो जपलेला कागदच अखेर कामी आला. अभ्यासक्रम जोडून तिने विभागाकडे फेरविचाराचा अर्ज केला. तीनपैकी एक विषय लागू झाला. उरलेल्या दोहोंच्या जागी नवे विषय घ्यावे लागतील.

आपल्याकडेही 2021 पासून 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली आहे. नावात बँक आहे, म्हणून निश्चिंत राहू नये. खात्यात क्रेडिट दिसले, तरी ते आपल्या पदवीत धरले जातील का, हे संबंधित विद्यापीठास आधीच विचारावे.

एक कबुली देऊन थांबतो. प्रवेशाच्या वेळी तिने माझा सल्ला विचारला होता. "कोणताही विषय घे, ज्ञान वाया जात नाही," असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. ज्ञानाविषयी ते आजही खरे वाटते. क्रेडिटविषयी मात्र मी आधी चौकशी करायला हवी होती.