आगकाडीची पाठशाळा

१९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण उपक्रमात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून खेड्यातील मुलांपुढे भूमिती उभी केली. पुढे पुण्याच्या आयुकातील विज्ञानकेंद्रातून त्यांची टाकाऊतली खेळणी घरोघरी पोहोचली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढळत नाही. पळस्पे येथील एखाद्या ओसरीवरही हा पाठ देता येईल. घरातील आजी-आजोबांकडे नातवंडांचे शिक्षक म्हणून तो सोपवावा. उजेड भरपूर असावा. काड्यांचे गूल खरवडणे आणि नळी कापणे इतरांनी करावे. बोटे दुखू लागताच थांबावे. घरात तान्हे मूल वा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असल्यास तुकडे मोजून उचलावेत.