रुबाब उतरवणारी शर्यत

ऐटबाज, लांबलचक मोटार शर्यतीत उतरवणे म्हणजे पैशाचा माज, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. बँकेत वाहनकर्जाच्या फायली हाताळताना एक गोष्ट पक्की कळली : गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते. घसारा कोणाचीच भीड ठेवत नाही. मग पोर्चमध्ये नुसती जुनी होणारी गाडी हौशी स्पर्धेत झिजली, तर बिघडले कुठे?

1968 साली लंडन ते सिडनी अशी मोटारींची मॅरेथॉन झाली. 98 गाड्या निघाल्या, मुंबईपर्यंत रस्त्याने आल्या आणि तेथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. कंपन्यांच्या संघांबरोबर पदरमोड करून आलेले हौशीही त्यांत होते. सिडनीला 56 गाड्या पोहोचल्या. अखेरच्या टप्प्यात आघाडीवर होती सित्रोएन डीएस, फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल वापरत त्या जातीची रुबाबदार गाडी. सिडनी जवळ आले असताना समोरून आलेल्या एका मिनीशी तिची टक्कर झाली. गाडीतले लुसियाँ बियांकी जबर जखमी झाले. जिंकली ती साधीसुधी हिलमन हंटर.

या घटनेत दोन धडे आहेत. घड्याळाला गाडीची किंमत कळत नाही, हा पहिला. वाहत्या रस्त्यावर शर्यत नको, हा दुसरा. दीड-दोन टनांच्या गाडीचा वेग दुप्पट झाला की तिला थांबवायला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून स्पर्धेसाठी अशा गाडीतली गुबगुबीत आसने, गालिचे काढून आत पोलादी सांगाडा बसवतात. डोक्यावर हेल्मेट, अंगावर पट्टे, सुरुवातीपूर्वी तपासणी. रुबाब दाराबाहेर ठेवूनच आत शिरायचे.

19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या रस्त्यावर ना तपासनीस होता, ना नियमांचा धाक. माज म्हणायचा तो याला.

आम्हा मराठवाड्याच्या माणसांना शर्यत नवी नाही. शंकरपटावर बंदी आली, 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 2023 साली राज्याचा कायदाही वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते. नियम आले म्हणून हौस मेली नाही. उलट तिला प्रतिष्ठा मिळाली.

मोटारींसाठी हेच का नको? हिंगोली जिल्ह्यात सुगीनंतर एखादे मोकळे माळरान घ्यावे, खुणा मांडाव्यात, एका वेळी एकच गाडी सोडावी, प्रेक्षक लांब ठेवावेत, रुग्णवाहिका हजर असावी. जिथे पीक बुडते तिथे हे चोचले कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. सरकारचा पैसा यात एक रुपयाही नको. सारा खर्च हौशींच्या प्रवेशशुल्कातून व्हावा. पण अकोला-नांदेड मार्गावर रात्री जी बेनामी शर्यत लागते, तिची किंमत आज कोण मोजतो? सायकलवरून घरी निघालेला शेतमजूरच ना?


धनिकाची गाडी आणि मेकॅनिकच्या पोराने जुळवलेली जुनी जीप एकाच चुन्याच्या रेघेवर उभी राहू देत. निकाल घड्याळ लावील.